अक्काचे नायलॉनचे केस

नायलॉनच्या केसांना तेल लावायचं नसतं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. हैदराबादेहून अक्कासाठी केसांचा टोप आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मायनं तो मांडीवर घेतला आणि वाटीभर खोबरेल तेल कोमट करून त्यात जिरवायला बसली. तेल काही जिरेना. ते केसांवरून ओघळून मायच्या लुगड्यावर उतरायला लागलं. माय तरी चोळत राहिली.

"कोरडे असतेत आधी," ती म्हणाली. "पितेत हळूहळू."

संध्याकाळपर्यंत त्या टोपाच्या चिकट बटा झाल्या होत्या आणि त्यांवर अंगणातली धूळ बसली होती. अक्का मधल्या दारात उभी राहून बघत होती. तिच्या डोक्याला दादांचा पांढरा पंचा गुंडाळलेला होता. त्या दिवसांत ती फारसं बोलतच नसे.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून बरीच मोठी. आम्ही अंबडला राहायचो. दादा, म्हणजे आमचे वडील, तिथल्या कोर्टात बेलिफ होते. समन्स आणि नोटिसा घेऊन तालुक्यातली गावं पालथी घालायची, हे त्यांचं काम. मी सातवीत होते, अक्का बारावीत, तेव्हा तिला चाई लागली. आधी मानेच्या वर, केसांच्या आत, एक जागा गुळगुळीत झाली. मायनं तिथं कांदा चोळला. मग कानामागं दुसरी जागा, मग टाळूवर. उन्हाळा सरता सरता डोक्यावर काही उरलं नाही. नंतर भुवया गेल्या, पापण्या गेल्या. सकाळी उशीवर पडलेले केस अक्का स्वतःच गोळा करायची आणि न्हाणीच्या चुलीत टाकायची. त्या वासानं दादा उठून बाहेर जायचे.

जालन्याच्या डॉक्टरनं तिच्या डोक्यात सुया टोचल्या. औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरनं भिंगातून पाहिलं आणि सांगितलं की बहुतेक परत येणार नाहीत, पण यात जिवाला धोका काही नाही. परतीच्या बसमध्ये दादा तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. जिवाला धोका न्हाई, म्हणले. जिवाला काई न्हाई. बदनापूरच्या आसपास अक्का खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "दादा, आता ते म्हणू नका."

बारावीच्या परीक्षेला ती बसली नाही.

टोप आला तो खालामुळं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं बांगड्यांचं दुकान होतं. सगळी गल्ली तिला खालाच म्हणायची. तिचा भाऊ हैदराबादला असायचा आणि बांगड्या तोच पाठवायचा. खालानं एक दिवस अक्काला आपल्या घरात आत नेलं, दार लावलं आणि सुतळीनं तिच्या डोक्याचं माप घेतलं. महिन्याभरानं बांगड्यांच्या खोक्यात, भुश्यामध्ये दाबून, तो टोप आला. खांद्यापर्यंत लांब, काळाभोर आणि उन्हात जरा निळसर चमकणारा.

तेलाचा प्रकार कळल्यावर खाला धावत आली आणि दारातूनच मायवर ओरडली. "या अल्ला, ये क्या कर दिये भाभी! ये बाल नैं, प्लास्टिक है. तेल नको, गरम पानी नको, रगडना तो बिलकुल नको."

तिनंच मग मला शिकवलं. थंड पाण्यात थोडा शाम्पू कालवायचा आणि टोप त्यात नुसता बुडवून ठेवायचा. चोळायचा नाही, पिळायचा नाही. वरखाली हलवत दुसऱ्या पाण्यात काढायचा, मग तिसऱ्या. शेवटच्या पाण्यात चमचाभर सिरका. टॉवेलमध्ये ठेवून वरून दाबायचा. मग पालथ्या कळशीवर चढवून सावलीत वाळवायचा. ओला असताना कंगवा लावायचा नाही. वाळल्यावर मोठ्या दातांच्या कंगव्यानं आधी टोकं विंचरायची, मग जरा वर, मग आणखी वर. गुंता दिसला की ओढायचं नाही, बोटांनी एकेक केस सोडवायचा.

अक्काला टोपाला हात लावायची किळस यायची. मायनं हातात घेतला की मायला रडू यायचं. म्हणून ते काम माझ्याकडं आलं आणि माझ्याकडंच राहिलं.

आमच्या बोअरचं पाणी खारं होतं. भांड्यांवर पांढरे डाग राहायचे, तसेच त्या केसांवरही राहायचे, आणि वाळले की ते कडक व्हायचे. काही महिन्यांतच मानेजवळचे केस विस्कटायला लागले. जिथं केस ब्लाऊजच्या पाठीला घासायचे, तिथं ते आखडून झिप्र्या व्हायचे. कितीही विंचरा, तासाभरात पुन्हा फुलून उभे. बाभळीला अडकलेल्या लोकरीसारखे दिसायचे. सरळ केसांचा टोप आणला होता आणि आरशात एक झिपरी बाई दिसायची. अक्का त्यावर हात फिरवून बसवायची, आणि हात फिरवल्यानंच ते जास्त उठायचे. मी सांगायचे, "हात नको लावू, अक्का." ती हात मांडीवर ठेवायची. थोड्या वेळानं तो परत वर जायचा.

काही वर्षांनी तिला स्थळ आलं ते शहागडचं. दादा एका नोटिशीच्या कामानं तिथं गेले होते. हमरस्त्यावर मुलाचं टायर-पंक्चरचं दुकान होतं, मागं गोदावरीच्या काठाला थोडी जमीन. दादांनी पहिल्याच बैठकीत सगळं सांगून टाकलं, कोर्टातली नोटीस वाचून दाखवावी तसं. माय आत पदर तोंडात धरून बसली होती. तिला वाटलं, आता हे लोक उठून जाणार. पण गेले नाहीत. मुलगा शांत होता, खाली बघत होता. बाहेर जाऊन तो आपल्या मामाशी बोलला, आणि मामा आत येऊन दादांना म्हणाले, "पोराला चालतंय. त्याचं म्हणणं एकच हाय. ते त्याच्यासमोर कधी काढायचं न्हाई. त्यानं पाह्यलं नाही, तर त्याला काही अडचण न्हाई."

दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मामांचे हात धरले. मायनं देवापुढं साखर ठेवली. सगळ्यांना वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा मुलगा.

रात्रीचं जेवण उरकल्यावर अक्का भांडी घासता घासता म्हणाली, "म्हणजे झोपताना पण?"

मायनं ऐकलं होतं. ती पाट उचलून आत गेली.

लग्नानंतर महिन्यातून एकदा अक्का अंबडला यायची. सासरी टोप धुणं शक्यच नव्हतं. धुवायला आणि वाळवायला अख्खा दिवस लागायचा आणि तेवढा वेळ तिनं बसायचं कुठं? म्हणून ती माहेरी यायची. लोकांना सांगायचं ते मायच्या दुखण्याचं. दाजी, म्हणजे तिचा नवरा, तिला स्टँडवर सोडून जागा धरून द्यायचे. ती येताना एक प्लास्टिकचा कॅन घेऊन यायची, त्यात गोदावरीचं पाणी. आमच्याकडं सगळे गोदावरीला गंगाच म्हणतात. सासूला वाटायचं, सून माहेरच्या देवासाठी गंगेचं पाणी नेते. ती कॅनला हळदकुंकवाचं बोट लावून द्यायची.

ते पाणी मऊ होतं. त्यात टोप धुतला की केस जरा तरी ऐकायचे. मायला ते पाप वाटायचं. "गंगेचं पाणी त्या पिलास्टिकला?" ती म्हणायची. एकदा तिनं त्यातलं तांब्याभर देवासाठी काढून घेतलं आणि उरलेलं माझ्या पुढ्यात असं ठेवलं, जसं काही मीच चोरून आणलं होतं.

टोपाची सगळ्यात मोठी वाट पदरानं लागायची. सासरी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची सोय नव्हती. दिवसभर नायलॉनवर टेरिकॉटची साडी घासत राहायची. थंडीत तर पदर काढला की चटचट आवाज यायचा आणि केस पदरामागं उभे राहायचे. मी एकदा विचारलं, "पदर असतोच की वर. मंग आत टोप कशाला?"

"पुढचे दिसतेत ना," अक्का म्हणाली. "आणि त्यांना माहीत असतं, आत हाय म्हणून."

त्या दिवशी तिच्या कपाळावर, टोपाची शिवण जिथं बसायची तिथं, मी एक लाल रेघ पाहिली. ती पुढं कधी गेली नाही.

केस सरळ करायचा एक उपाय मी स्वतःच शोधला होता. भगुन्यात पाणी तापवायचं, उकळू द्यायचं नाही. वाफ यायला लागली की टोपाची आखडलेली बट कंगव्यात धरून वाफेवर ताणायची, आणि तशीच ताणून थंड होऊ द्यायची. खालानं मधे एकदा दुसरा टोप मागवून दिला होता, तेव्हा पडून राहिलेल्या जुन्या टोपाच्या बटांवर मी आधी करून पाहिलं होतं. वाफ कमी पडली तर केस तसेच राहतात, जास्त झाली तर एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. नीट जमलं तर आठ-पंधरा दिवस बरे दिसायचे. अक्का त्या वेळी मधल्या खोलीत बसलेली असायची, उघड्या डोक्यानं, गुडघ्यांना मिठी मारून. माय बाहेरच्या दाराला कडी लावायची. कुणी आलं तर, "अक्का झोपलीय," म्हणायची. अक्काला वारा आवडायचा. एकदा ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली तर मायनं तिला दंडाला धरून आत ओढलं. "कुणी पाह्यलं म्हणजे?" अक्का आत आली आणि मग टोप वाळेपर्यंत जागेवरून हलली नाही.

एका संक्रांतीला शहागडला घरात पाहुणे होते. अक्का चुलीपुढं वाकून फुंकर घालत होती. जाळ भसकन बाहेर आला. तिला भाजलं नाही, कातडीला जाळ लागायच्या आधीच ती मागं झाली होती. पण टोपाचे पुढचे केस आक्रसून वितळले. दुपारच्या गाडीनं ती एकटीच आली, पदर नाकापर्यंत ओढून. आत येऊन पदर काढला. कपाळावर मोहरीएवढे काळे कडक मणी लटकत होते. जळक्या प्लास्टिकचा वास सगळ्या घरात पसरला.

"हे नीट होतं का बघ," ती म्हणाली.

मी पाहिलं. होणारं नव्हतं. खालाचा भाऊ तोवर सौदीला गेला होता आणि नवा टोप आता कुठून आणायचा ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी वाफ दिली, तेल न लावता बोटांनी मणी सोडवायला बघितले. शेवटी कात्री घेतली. मणी कापले, आणि उरलेले आखूड केस कपाळावर पुढं घेतले. मला वाटलं, बरं दिसतंय. अक्कानं आरशात पाहिलं आणि पहिल्यांदाच थोडं हसली. "शाळेतल्या पोरीसारखं," म्हणाली.

चार दिवसांनी ती परत आली. सासूनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बट काढायला कोणत्या सिनेमात निघालीस?" शेजारच्या बायका हसल्या होत्या. दाजी तिथंच होते. ते उठून दुकानाकडं गेले. अक्का मला म्हणाली, "तुला काय गरज होती कापायची?" मग लगेच म्हणाली, "न्हाई, तुझं काय चुकलं. जळालंच होतं ते." खालानं कुठून तरी गंगावनाच्या बटा आणल्या आणि टोपाच्या पुढच्या बाजूला शिवून दिल्या. त्या खऱ्या केसांच्या होत्या, जरा तांबूस. ऊन पडलं की दोन रंग वेगळे दिसायचे. पुढचं वर्षभर अक्का उन्हात निघाली नाही.

मग तिला मुलगी झाली. बाळंतपणाला ती आमच्याकडं होती. उन्हाळ्याचे दिवस होते आणि सुइणीनंच ठणकावून सांगितलं की बाळंतिणीच्या डोक्यावर ते असलं काही ठेवायचं नाही. मायनं टोप उचलून ठेवला. दाजी बारशाला आले तेवढा दिवस सोडला, तर पाच महिने अक्का उघड्या डोक्यानं राहिली. डोक्याला एक मऊ फडकं, तेही कधी असायचं, कधी नाही. मुलगी दूध पिताना हात वर करायची आणि आईच्या डोक्यावर चापट्या मारायची. तिला ते गुळगुळीत डोकं फार आवडायचं. झोप आली की तिथंच हात ठेवून झोपायची. अक्का त्या दिवसांत बोलायची, गाणं म्हणायची, माझ्याशी बारावीच्या मैत्रिणींच्या आठवणी काढायची. मी तिला इतकं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

सासरी जायच्या दिवशी तिनं तोंड धुतलं, काजळानं भुवया काढल्या आणि टोप चढवला. मुलगी मायच्या मांडीवर होती. अक्कानं हात पुढं केले. मुलगी तिच्याकडं बघत राहिली आणि किंचाळली. अक्का बोलली, तिचं नाव घेऊन हाक मारली. आवाज ओळखीचा आणि तोंड परकं, म्हणून ती आणखी घाबरली. मायच्या खांद्यात तिनं तोंड लपवलं. दाजी बाहेर जीपमध्ये बसून हॉर्न देत होते. अक्कानं एकदा टोपाला हात घातला, काढण्यासाठी, आणि मग दाराकडं बघून हात खाली घेतला. मुलगी रडत रडतच जीपमध्ये गेली. अक्काही रडत असेल, पण तिनं पदर पुढं ओढला होता.

मुलगी बसायला लागली, रांगायला लागली, तशी टोपाशी झोंबायला लागली. मूठभर केस धरून ओढायची. एकदा ओसरीवर, चार बायकांमध्ये, तिनं तो अर्धा ओढून काढला. सासूनं त्या एवढ्याशा लेकराच्या हातावर फटका मारला. मग रोजचं शिकवणं सुरू झालं, आईच्या केसाला हात न्हाई लावायचा. बोलायला लागल्यावर ती स्वतःच म्हणायची, "आईच्या केशाला हात न्हाई." मी धुवायला टोप हातात घेतला की मलाही तसंच बजावायची. आम्ही हसायचो. अक्का हसायची नाही.

मुलगी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी भर उन्हाळ्यात निरोप आला की अक्काला ताप आहे, उतरत नाही. तोवर माझं लग्न होऊन मी जालन्याला आले होते, माझा नवरा एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत होता. मी शहागडला गेले. अक्का आतल्या खोलीत पडली होती, पत्र्याखाली, आणि डोक्यावर टोप होता. त्या तापात, त्या उन्हात. केस घामानं भिजून उशीला चिकटले होते. जवळ गेल्यावर वास आला.

मी सासूला म्हणाले, "मावशी, हे काढायला पायजे."

"मी कुठं न्हाई म्हणते?" सासू म्हणाली. "तीच काढू देत न्हाई. आणि पोरगा येतो-जातो घरात."

मी अक्काच्या डोक्याखाली हात घालून टोप सोडवायला लागले. तिनं तापातच माझं मनगट धरलं. "ते आलेत का? आलेत का ते?"

"न्हाई आले. कुणी न्हाई इथं."

टोप निघताना कातडी निघाली. शिवणीच्या सगळ्या कडेला फोड येऊन फुटले होते आणि टोपाच्या आतली जाळी त्यांत रुतली होती. मी कोमट पाणी लावून लावून ती सोडवली. सासू माझ्या मागं उभी होती. तिनंही ते पहिल्यांदाच पाहिलं असावं. ती "आई गं," म्हणाली आणि स्वतः जाऊन स्वच्छ फडकं आणि पाण्याचं भांडं घेऊन आली.

आणि तेवढ्यात दाजी दारात आले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते उंबऱ्यात थांबले. त्यांनी पाहिलं. मग त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला आणि मागं वळून निघून गेले. अक्काचे डोळे मिटलेले होते. तिला कळलं की नाही, मला आजही माहीत नाही.

नंतर मी बाहेर गेले. दाजी दुकानापुढं ट्रकच्या टायरवर बसले होते. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मी रागात होते. म्हणाले, "दाजी, ती मरून जाईल त्या टोपापायी. एवढं काय हाय त्यात?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "मी वाईट माणूस न्हाई," ते म्हणाले. "कधी हात न्हाई उगारला तिच्यावर. विचारा तिला."

"ते मी कुठं म्हणते?"

"मला भ्या वाटायचं," ते म्हणाले. "एकदा पाह्यलं की मंग रोज तेच दिसंल. वरून काही बी घातलं तरी तेच दिसंल. मला नांदायचं होतं तिच्यासंग. म्हणून म्हणलं, पाह्यचंच न्हाई." मग म्हणाले, "आता पाह्यलं."

त्या माणसाचा मला राग करायचा होता आणि तो करताही आला नाही.

मी जीप करून अक्काला आणि मुलीला अंबडला नेलं. टायफॉइड निघाला. ती बरी झाली, डोक्यावरच्या जखमा भरल्या. दाजी दर आठवड्याला यायचे, फळं आणायचे, बाहेरच्या खोलीत बसून मुलीशी खेळायचे आणि परत जायचे. आत कधी आले नाहीत. मी अक्काला सांगितलं की आता ते घालू नको. त्यांनी पाहिलंय. आता काय लपवायचं? दादाही म्हणाले, "इथं राह्य. मी हाय तोवर राह्य." पण दादा थकले होते आणि तसं म्हणताना त्यांचा स्वर विचारल्यासारखा होता.

"त्यांनी पाह्यलं म्हणूनच घालायचा," अक्का म्हणाली. "आता त्यांना रोज आठवायला नको, की आत काय हाय."

ती परत गेली. दाजींनी औरंगाबादेहून नवा टोप आणून दिला होता, चांगला, मऊ. त्यांनीच आणला, आपण होऊन. अक्कानं तो माझ्यासमोर चढवला तेव्हा मला त्यांची दया आली आणि तिचीही.

दादा गेले, माय गेली, अंबडचं घर मोडलं. त्यानंतर अक्का धुवायला माझ्याकडं जालन्याला यायची. जालन्यात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी नसायचं. मी टँकरच्या पाण्यातले दोन हंडे तिच्या येण्यासाठी झाकून ठेवायचे. ती आता कॅन आणत नसे. गंगेला पाणी असायचंच असं राहिलं नव्हतं.

मुलगी शाळेत मोठी झाली. तिची वेणी कमरेच्या खाली गेली होती. ती आईबरोबर शेवटची आली तेव्हा आठवीत असेल. मी टोप पाण्यात बुडवला होता, अक्का पलंगावर बसली होती, आणि मुलगी वर्तमानपत्र वाचत होती. माझ्या शेजारणीनं दार वाजवलं. मुलगी ताडकन उठली आणि आईच्या अंगावर दोरीवरची चादर टाकली. डोक्यावरून, तोंडावरून, सगळ्या अंगावरून. मी दारातूनच शेजारणीला साखरेची वाटी देऊन परत आले तेव्हा अक्का चादरीखाली तशीच बसलेली होती.

"गेली ती," मी म्हणाले. "काढ आता."

"राहू दे," आतून अक्काचा आवाज आला. "बरंय असं."

मुलगी खिडकीकडं तोंड करून उभी होती. तिला रागवावं असं मला वाटलं, पण तिचे खांदे हलत होते.

त्या दिवशी टोप वाळला नव्हता. आभाळ भरून आलं होतं आणि माझ्याकडं पंखा चालत नव्हता, लाइट गेली होती. शहागडची शेवटची गाडी सहाला होती. मी म्हणाले, राहा आज, सकाळी जा. अक्कानं ओलाच टोप चढवला. पाणी तिच्या मानेवरून ब्लाऊजमध्ये उतरत होतं. मी टॉवेल दिला, तो तिनं खांद्यावर ठेवला आणि वरून पदर घेतला. रिक्षात मुलगी तिच्याशेजारी बसली आणि तिनं आईचा हात धरला, हे मात्र मी पाहिलं.

त्यानंतर ती धुवायला आली नाही. मी फोन केला की म्हणते, आता चांगले टोप मिळतात, खराब झाला की दुसरा घेतो. दाजीच औरंगाबादेहून आणतात. त्यांना माप पाठ आहे. मी विचारते, तब्येत कशी, पोरगी कशी, कापूस निघाला का. ती सगळ्याचं बराबर उत्तर देते. मध्ये मी एकदा शहागडला गेले तर ती ओसरीवर तांदूळ निवडत होती, पदर डोक्यावर, आत ते केस. मानेजवळ पुन्हा तसेच विस्कटले होते, तसेच उभे. माझी बोटं आपोआप पुढं गेली. अक्कानं मान बाजूला घेतली.

"असू दे," ती म्हणाली. "आता कोण बघतंय."